एका कामाला एकच आदेश : आमच्या डाळमिलची वाटचाल

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत आमची डाळमिल सुरू झाली, तेव्हा वडील तुरीची खरेदी पाहत, काका यंत्रे सांभाळत आणि मुनीमजी हिशेब ठेवत. माणसे मोजकीच असल्याने कोणी काय करायचे हे ठरवून देण्याची वेळच येत नसे. पुढे डाळीचे दाणे रंगावरून निवडणारे सॉर्टेक्स यंत्र आले, दोन पाळ्या सुरू झाल्या आणि वाळवणीच्या मुकादमाला एकाच सकाळी तिघांचे तीन आदेश मिळू लागले. एमरी रोलरवर, म्हणजे खरखरीत दगडी रुळावर, ओरखडे पाडून, तेल लावून वाळत घातलेली तूर वडील आणखी एक ऊन देण्यास सांगत, काकांना ती लगेच यंत्रावर हवी असे, तर मुनीमजी त्याच मजुरांना गाडी भरायला बोलावत. तूर पुरेशी वाळली नाही तर टरफल सुटत नाही आणि जोर लावला की तुकडा व चुणी (बारीक चुरा) वाढते, त्यामुळे या ओढाताणीचा फटका थेट उताऱ्याला, म्हणजे तुरीतून मिळणाऱ्या डाळीच्या प्रमाणाला, बसे.

कारभार माझ्याकडे आल्यावर मला सर्वांत उपयोगी पडले ते हेन्री फेयॉल. एका फ्रेंच खाण कंपनीचा कारभार अनेक वर्षे सांभाळलेल्या या अभियंत्याने 1916 मध्ये व्यवस्थापनाची 14 तत्त्वे मांडली, त्यांतले आदेशातील एकवाक्यतेचे तत्त्व, म्हणजे एका माणसाला एकाच वरिष्ठाकडून आदेश मिळावेत हे, जणू आमच्यासाठीच लिहिले होते. शास्त्रीय व्यवस्थापनाचे अमेरिकी प्रवर्तक फ्रेडरिक टेलर यांनी एका कामगारावर आठ निरनिराळे फोरमन सुचवले होते, आणि नेमका यालाच फेयॉल यांचा आक्षेप होता. आमच्यासारख्या लहान उद्योगात फेयॉल यांचेच म्हणणे बरोबर ठरते, असे माझे ठाम मत आहे. टेलर यांचा कामाच्या मोजणीचा आग्रह मात्र आम्ही मनापासून स्वीकारला, आणि प्रत्येक लॉटची वाळवण व उतारा वहीत लिहिला जाऊ लागला.

आता वाळवणीचा निर्णय फक्त उत्पादन प्रमुख घेतात; वडीलसुद्धा आपली सूचना त्यांच्याकडेच देतात, आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाने हे पाळणे किती मोठी गोष्ट आहे, हे कुटुंबाचा धंदा चालवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. तातडीच्या वेळी सॉर्टेक्सचा ऑपरेटर वाळवणीच्या मुकादमाशी थेट बोलतो. वरिष्ठांना कल्पना असेल तर समान पातळीवरच्या दोघांनी असे बोलावे, ही मुभा फेयॉल यांनीच दिली आहे.

हमालांची टोळी मात्र या साखळीत बसत नाही, कारण ती आपल्या टोळीप्रमुखाचेच ऐकते. म्हणून गाडी भरण्याची सूचना आता मुनीमजी थेट हमालांना न देता केवळ टोळीप्रमुखाला देतात.