चाकाची धाव आणि कॉन्स्टेबलचे घोडे

आपल्या शाळेच्या चित्रकला वर्गात, एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांसाठी काढलेल्या वस्तुचित्रांशेजारी, जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराच्या ‘द हे वेन’ (गवताची गाडी) या चित्राची एक छापील प्रत लावलेली असे. घोडे जुंपलेली रिकामी गाडी नदीच्या उथळ पाण्यात उभी आहे, डावीकडे एक घर आहे आणि उजवीकडे दूरवर कुरण पसरले आहे, एवढेच वरवर पाहणाऱ्याला दिसे. आमचे सर मात्र रंगसंगतीचा विषय लगेच निघू देत नसत. ‘आधी काम पाहा, सौंदर्य कुठे पळून जात नाही,’ असे ते म्हणत, आणि चित्र वाचण्याची त्यांची ही रीतच मला या स्मरणिकेत नोंदवायची आहे.

गाडी पाण्यात का थांबली, हा त्यांचा पहिला प्रश्न असे. घोड्यांना पाणी पाजायला, हे उत्तर सर्वांनाच सुचे. पण ज्यांच्या घरी बैलगाडी होती त्या मुलांचे लक्ष चाकांकडे गेले. कडक उन्हाने लाकूड आटते, चाकावरची लोखंडी धाव सैल होते आणि मग चाके पाण्यात भिजवावी लागतात, म्हणजे लाकूड फुगून धाव पुन्हा घट्ट बसते. चित्राचे अभ्यासकही ही शक्यता मांडतात, हे पुढे माझ्या वाचनात आले. १८२१ साली लंडनच्या रॉयल अकादमीत हे चित्र मांडले गेले, तेव्हा त्याचे नाव ‘निसर्गदृश्य : मध्यान्ह’ असे होते, हेही त्या तर्काला पूरकच आहे.

आम्हाला घोडा ठाऊक होता तो टांग्याचा, नाहीतर वरातीचा. शेतातला भार ओढणारा घोडा हे नवलच होते. बैलाच्या वशिंडापुढे जू टेकते, तसा आधार घोड्याला नसतो, म्हणून ओढ त्याच्या खांद्यांवर यावी यासाठी गळ्यात जाड, भरीव पट्टा घालतात, हे सरांनी फळ्यावर काढून दाखवले. चित्रातील या पट्ट्यांना लाल झालर आहे, आणि हिरव्या-तपकिरी रंगांच्या पसाऱ्यात नजर नेमकी तिथेच ठरते.

हे घोडे आणि ही चाके इतक्या जाणतेपणाने रंगवणारा कॉन्स्टेबल पूर्व इंग्लंडमधील सफक परगण्यातील, चित्रात दिसणाऱ्या त्याच स्टूर नदीकाठचा होता. मात्र जवळची फ्लॅटफर्डची पिठाची गिरणी त्याच्या वडिलांच्या ताब्यात होती आणि हे मोठे चित्र त्याने लंडनमध्ये बसून पूर्ण केले, हेही विसरून चालणार नाही. त्या काळात इंग्लंडच्या पूर्व भागातील शेतमजुरांचे हाल चालले होते. १८१६ मध्ये महागाई आणि अपुऱ्या मजुरीपायी तिथे दंगे झाले आणि १८२२ मध्ये मजुरांनी मळणीयंत्रे मोडली. या दोन वर्षांच्या दरम्यान रंगवलेल्या या चित्रात त्याचा मागमूस नाही. माझ्या मते चित्रकार खोटे बोलत नाही, पण तो गिरणीमालकाच्या अंगणातून पाहतो आहे. दूर कुरणात गवत भरणारे मजूर ठिपक्यांएवढे आहेत. ते थोडे जवळ असते, तर ‘काय काम चालले आहे’ यापाठोपाठ ‘किती मजुरीवर’ हा प्रश्नही सरांनी आम्हाला विचारला असता.