दोन पाने वाचलेली, एक पान लिहिलेले

अमळनेरला आमच्या गल्लीतील मंडळाचा मेळावा दरवर्षी संक्रांतीच्या आधीच्या रविवारी भरतो. त्याला प्रमुख पाहुणे नसतात, हारतुरे नसतात आणि मुलांना बक्षीसही दिले जात नाही. दुपारी तीनच्या सुमारास मंदिरासमोरच्या मोकळ्या जागेत सतरंज्या अंथरल्या जातात, एका बाजूला कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर भरताची वांगी भाजायला घेतात, आणि ज्या घराने सरत्या वर्षात कोठे प्रवास केला असेल त्या घरातील एक मूल उभे राहून तीन पाने वाचते. निघण्यापूर्वी त्या ठिकाणाविषयी जे वाचले त्यातील दोन पाने, आणि परत आल्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेले एक पान, असा नियम आहे. तो घातला मंडळातील एका निवृत्त शिक्षकांनी, ज्यांना सारी गल्ली आबा म्हणत असे. प्रवास किती लांबचा होता, याला त्यांच्या लेखी महत्त्व नव्हते. पारोळ्याचा किल्ला पाहून आलेल्या मुलाला आणि काश्मीरला जाऊन आलेल्या मुलाला तेथे सारखाच वेळ मिळत असे.

आमच्या घराचा या मेळाव्याशी संबंध आला तो २०१२ च्या जानेवारीत. त्याआधी आम्ही भरीत-पुरी खायला जात होतो, पण वाचायला आमच्याकडे काही नव्हते. मी पतसंस्थेत, यजमान दुकानात. आमचा प्रवास म्हणजे लग्नकार्ये आणि सुट्टीत जळगावला मुलांच्या मामाकडे जाणे एवढाच. २०११ च्या दिवाळीत मामाकडून एक दिवस अजिंठ्याला जाऊन यावे असे ठरले, आणि ही गोष्ट आबांच्या कानावर गेली. ते संध्याकाळी घरी आले, पाणी घेतले आणि तिसरीत असलेल्या माझ्या मुलीला विचारले, “ताई, अजिंठ्याला जाणार आहेस, तर काय वाचून जाणार?” उत्तर तिच्याजवळ नव्हते आणि माझ्याजवळही नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या अक्षरात लिहिलेली दोन पाने पाठवली. सातव्या शतकात भारतात आलेल्या ह्युएन त्संग या चिनी प्रवाशाने डोंगरात कोरलेल्या एका विहाराचे वर्णन केले आहे, तो विहार म्हणजे अजिंठाच असावा असे अभ्यासक मानतात, आणि त्या विहाराच्या द्वाराशी दगडाचे हत्ती आहेत असे त्या वर्णनात आहे, हे त्या पानांचे सार होते. खाली एकच ओळ होती: हत्ती सापडतात का ते पाहा.

जळगावहून फर्दापूरपर्यंत साठेक किलोमीटरचा रस्ता, पुढे लेण्यांपर्यंत नेणारी महामंडळाची बस आणि मग पायऱ्या, एवढ्या वेळात मुलीने हत्ती हा विषय सोडला नाही. १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याच्या दृष्टीस ही लेणी पडली, हे तेथे अनेक जण सांगत होते. तिला मात्र त्याच्याही बाराशे वर्षे आधीच्या माणसाने सांगितलेली खूण शोधायची होती. सोळाव्या लेण्याकडे चढणाऱ्या पायऱ्यांच्या तोंडाशी दोन बाजूंना दोन हत्ती दिसले तेव्हा ती इतकी मोठ्याने ओरडली की पुढे चाललेली माणसे वळून पाहू लागली. त्या दिवशी आम्ही चित्रे किती नीट पाहिली ते आठवत नाही. हत्ती मात्र आमच्या घरात कायमचे राहिले.

जानेवारीत तिने ती पाने वाचली. स्वतःच्या पानावर तिने हत्तींबरोबर लेण्यांखालून नालेच्या आकारात वळण घेत जाणाऱ्या वाघूर नदीविषयी चार ओळी लिहिल्या होत्या. वाचन संपल्यावर ऐकणाऱ्यांपैकी कोणीही प्रश्न विचारावा अशी रीत आहे. पुढच्या रांगेत बसलेल्या एका आजींनी विचारले, “मंग ती नदी पुढे कोठे जास व माय?” मुलगी गप्प राहिली. आबांनी उत्तर सांगितले नाही, आणि ज्यांना ते ठाऊक होते त्यांनाही सांगू दिले नाही. पुढच्या वर्षी सांगेल ती, एवढेच ते म्हणाले.

तो प्रश्न घेऊन आम्ही वर्षभर वावरलो, असे म्हटले तर त्यात काही वाढवून सांगितले असे होणार नाही. नकाशात वाघूर कोठपर्यंत जाते ते पाहणे, ती तापीला मिळते हे कळणे, वाटेत तिच्यावर धरण आहे हे समजणे, आणि शेवटी मामाच्या घरी नळाला येणारे पाणी त्याच धरणाचे आहे हे मामाच्याच तोंडून ऐकणे, हे सारे सावकाश घडले. लेण्यांखालचे पाणी आणि मामाच्या माठातील पाणी एकाच नदीचे, हे कळल्यावर माझी मुलगी बराच वेळ हातातील पेल्याकडे पाहत राहिली होती. पुढच्या मेळाव्यात त्या आजी पुन्हा पुढेच बसल्या होत्या आणि तिने त्यांच्याकडे पाहूनच उत्तर वाचले.

त्यानंतर आमच्या रोजच्या दिवसाला एक नवी जागा मिळाली. रात्रीची भांडी आवरल्यावर मी दुसऱ्या दिवशीच्या डब्यासाठी मेथी किंवा गवार निवडायला बसत असे, तेव्हा मुलीने मोठ्याने वाचायचे आणि चार वर्षांनी लहान असलेल्या धाकट्याने ऐकता ऐकता झोपी जायचे. वाचनालयातून आणलेली प्रवासवर्णने, शाळेचे भूगोलाचे पुस्तक, कधी वर्तमानपत्राची रविवारची पुरवणी, जे हाती येईल ते चालत असे. मुलांच्या अभ्यासाविषयी मी तोवर फार धास्ती बाळगली होती. उत्तरे पाठ झाली की नाही, वही पूर्ण झाली की नाही, याच्यापलीकडे माझी नजर जात नव्हती. या अर्ध्या तासात कोणतेही उत्तर पाठ करायचे नव्हते. तरीही पुढे भूगोलात तिला जे समजले ते बहुतेक येथूनच समजले, हे माझे ठाम मत आहे.

एका वर्षाची गोष्ट मात्र मला आजही सलते. मुलगी सहावीत असताना आम्ही तोरणमाळला गेलो. सातपुड्यातील ती चढण, यशवंत तलाव, थंडी, हे सर्व तिने पाहिले. पण परीक्षा आणि पाहुणे यांच्या गडबडीत तिचे पान लिहायचे राहिले आणि मेळाव्याच्या आदल्या रात्री ते मी लिहून दिले. पान सुंदर झाले होते. तिने ते नीट वाचले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनी शांतपणे विचारले, “ताई, तलावाकाठी तुझ्या पायाखाली काय होते? माती, मुरूम, गवत?” तिने माझ्याकडे पाहिले. मला काय वाटले ते लिहीत नाही. आबांनी घरी येऊन मला एक शब्दही सुनावला नाही, परंतु त्या दिवसापासून मी माझ्या मुलांच्या कोणत्याही वहीत पेन लावलेले नाही.

धाकट्याचा प्रश्न निराळा होता. तो घरात आजीबरोबर अहिराणी बोलत वाढला आणि पुस्तकातील मराठी वाचताना अडखळत असे. त्यामुळे शाळेत तो उभा राहायलाच घाबरत असे. तो चौथीत असताना, २०१६ च्या दिवाळीत, आम्ही पाचोऱ्याहून जामनेरला जाणाऱ्या लहान गाडीने गेलो. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून छप्पन्न किलोमीटर जाणारी ती गाडी आमच्याकडे पीजे म्हणूनच ओळखली जात असे. तिच्याविषयी मुलाला वाचता येईल असे काही आम्हाला मिळेना. आबांनी सुचवले की त्याने गाडीचे वेळापत्रकच वाचावे. तेही छापलेलेच असते. माझा मुलगा मेळाव्यात उभा राहिला आणि पाचोरा, वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी स्थानकांची नावे वेळेसह वाचू लागला. नावांना अडखळण्यासारखे काही नव्हते. सतरंजीवर रेल्वेतून निवृत्त झालेले एक नाना बसले होते. प्रत्येक स्थानकाला ते मान हलवत, आणि एका वेळेला त्यांनी थांबवून सांगितले की आमच्या काळी गाडी येथे याहून आधी पोचत असे. मुलगा हसला आणि पुढे वाचू लागला. मग त्याने आपले पान वाचले. गाडी इतकी हळू चालत होती की शेतातील फुटलेल्या बोंडांतला कापूस मोजता येत होता, असे त्याने लिहिले होते, आणि आजी खिडकीतून जे बोलली ते त्याने अहिराणीतच लिहिले होते. सर्वांत मोठ्या टाळ्या त्या वर्षी त्याला मिळाल्या.

गाडीत बसून त्याच वाटेविषयी वाचण्याची आवड त्याला येथून लागली. अमळनेरहून जळगाव-भुसावळकडे जाताना धरणगाव लागते. बालकवींचा, म्हणजे त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा, जन्म १८९० साली तेथे झाला. त्यांच्या आयुष्याविषयीचा एक धडा तो गाडीत वाचत होता, आणि जळगाव सुटल्यावर भादली स्थानकाची पाटी दिसली तेव्हा त्याला कळले की ५ मे १९१८ रोजी रेल्वेच्या अपघातात त्यांचा अंत झाला तो येथेच. वय अवघे सत्तावीस. त्याने पुस्तक मिटले आणि भुसावळ येईपर्यंत तो काही बोलला नाही. मीही त्याला बोलते केले नाही. त्या वर्षी त्याच्या पानावर फक्त पाच ओळी होत्या. आबांनी त्या वाचू दिल्या आणि कोणालाही प्रश्न विचारू दिला नाही.

मुलांनी लिहिलेली ही पाने मंडळ दरवर्षी एका जाड वहीत शिवून ठेवते. या पद्धतीचे मूळ आबा साने गुरुजींपर्यंत नेत असत. गुरुजी १९२४ ते १९३० या काळात येथील प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि वसतिगृहातील मुलांसाठी हाताने लिहिलेले दैनिक काढत असत. छापून आलेले वाचण्याइतकेच हाताने लिहिलेले वाचणेही मुलांच्या अंगवळणी पडले पाहिजे, असे आबांचे म्हणणे होते, आणि आता त्या वह्या चाळताना मला ते पटते. फरकांड्याच्या झुलत्या मनोऱ्यांवरचे पान, ज्यात एक मनोरा पडल्याचे वाचून हळहळलेल्या मुलीने उरलेल्या एकाचेच चित्र काढले आहे. नवापूरच्या रेल्वे स्थानकावर अर्धे स्थानक महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत असल्याने एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे ठेवून उभ्या राहिलेल्या भावंडांचे पान. सारंगखेड्याच्या यात्रेतील घोड्यांची उंची वितीने मोजण्याचा प्रयत्न करणाऱ्या मुलाचे पान. पीजे गाडी २०२० च्या टाळेबंदीत थांबली ती त्या रूपात पुन्हा धावली नाही; तिच्या जागी मोठ्या रुळांचे काम निघाले. माझ्या मुलाचे पान त्या वहीत आहे आणि नानांनी सांगितलेली जुनी वेळ त्याने समासात नोंदवून ठेवली आहे.

२०२१ आणि २०२२ या दोन्ही वर्षी मेळावा भरला नाही, आणि त्याच काळात आबा गेले. २०२३ मध्ये पुन्हा सतरंज्या अंथरल्या गेल्या तेव्हा वाचणारी मुले अवघी चार होती. पुढच्या वर्षी संख्या वाढली. २ ते ४ फेब्रुवारी २०२४ या दिवसांत ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन अमळनेरला झाले. १९५२ नंतर ते प्रथमच आमच्या गावात आले होते आणि त्याच्या तयारीने सारे गाव महिनाभर आधीपासून भारावले होते. पुण्याला शिकणारी माझी मुलगी त्यासाठी आली, ग्रंथदालनात दोन दिवस फिरली आणि परत जाताना मंडळाच्या कपाटात चार प्रवासवर्णने ठेवून गेली.

यंदा शेजारची चौथीतील मुलगी घरच्यांबरोबर चांगदेवला जाणार आहे. तापी आणि पूर्णा यांच्या संगमावरचे ते देऊळ, आणि जवळच मुक्ताबाईंचे स्थान. काय वाचून जायचे, असे ती माझ्या मुलाला विचारायला आली. तो आता महाविद्यालयात आहे. त्याने १८८० साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी गॅझेटिअरचा खानदेशाचा खंड मिळवला आणि संगमाविषयीचा भाग तिला समजेल अशा मराठीत दोन पाने करून दिला. जुन्या पुस्तकात धुळे आणि चांगदेव एकाच जिल्ह्यात कसे, असे तिने विचारले. तेव्हा खानदेश हा एकच जिल्हा होता, १९०६ मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, पुढे पूर्व खानदेशाला जळगावचे आणि पश्चिम खानदेशाला धुळ्याचे नाव मिळाले, आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळे झाले, हे त्याने जमिनीवर खडूने रेघा ओढून दाखवले. पावसाळ्यात ज्याचे एक्केचाळीस दरवाजे उघडल्याच्या बातम्या येतात ते हतनूर धरण संगमाच्या खालच्या अंगाला आहे, हेही त्याने सांगितले. ते दरवाजे मोजून आणण्याचे तिने कबूल केले आहे. ती शनिवारी निघणार आहे. दोन पानांच्या समासात तिने पेन्सिलने तापी काढून ठेवली आहे. पूर्णा कोणत्या बाजूने येते ते पाहून आल्यावर काढीन, असे म्हणून तेवढी जागा तिने कोरी सोडली आहे.