तुम्ही विचारलंत म्हणून : उंचीला घाबरता, मग राईडवर कशा बसता?

"तुम्हाला उंचीची एवढी भीती वाटते, मग त्या राईड्सवर कशा काय बसता?" डबा खाताना, हळदीकुंकवाला, सोसायटीच्या ग्रुपवर इमॅजिका पार्कमधला फोटो टाकला की हमखास, हा प्रश्न येतोच. भाच्याने तर परवा सरळच विचारलं, "आत्या, तू आमच्या गॅलरीत चहा प्यायलासुद्धा येत नाहीस. आणि नायट्रोच्या, त्या एवढ्या मोठ्या रोलर कोस्टरच्या रांगेत माझ्या पुढे उभी असतेस. यातलं खरं काय?"

दोन्ही खरं आहे. आणि ते एकदा नीट सांगावं असं मला बरेच दिवस वाटतंय.

आधी भीतीचं सांगते. भावाचं घर सातव्या मजल्यावर आहे. गॅलरीला कमरेच्या वर येणारा कठडा आहे, त्यावर जाळी आहे. तरी दारातून पाऊल बाहेर टाकलं की माझ्या तळपायांत काहीतरी वळवळायला लागतं, गुडघ्यांतला जोर जातो आणि मी पाठ भिंतीला लावून उभी राहते. रायगडावर सगळे टकमक टोकाकडे निघाले की मी अलीकडेच थांबते. लोहगडावर दोनदा गेले, दोन्ही वेळा विंचूकाटा, ती गडाची लांब चिंचोळी सोंड, लांबूनच पाहिला. परक्या कुणाचं मूल कठड्यावरून वाकलेलं दिसलं तरी माझ्या पोटात गोळा येतो. "मनातून काढून टाक" असं सांगणारे खूप भेटतात. सांगून निघत असतं तर मी केव्हाच काढलं असतं.

बरीच वर्षं मी समजत होते की उंचीचीच भीती आहे. पण मग विमानात खिडकीशी बसून खालची शेतं बघताना मला काहीच का होत नाही? त्यावर विचार करता करता लक्षात आलं की मला घाबरवते ती कड. मी माझ्या पायांवर उभी आहे, मला कुणी धरलेलं नाही, आणि तोल जाऊ न देणं सर्वस्वी माझ्यावर आहे, अशी कड.

याला शरीरातलंच कारण आहे. उभं असताना आपण कधीच पूर्ण स्थिर नसतो, बारीकसे झुलत असतो. ते झुलणं आवरायला शरीराला तिन्हीकडून खबर लागते: डोळ्यांकडून, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाकडून, आणि पायांच्या स्नायू-सांध्यांकडून. समोर टेबल असेल, भिंत असेल, तर आपण जरा झुकलो की ती डोळ्यांना सरकलेली दिसते आणि शरीर लगेच सावरतं. कड्यावर जवळ असं काही नसतंच. सगळं शंभर-दोनशे फुटांपलीकडे. एवढ्या लांबचं झाड आपल्या बोटभर झुलण्याने जागचं हललेलं दिसत नाही. म्हणजे डोळे सांगतात तू स्थिर आहेस, कान आणि पाय सांगतात तू हलतेयस. या गोंधळात झुलणं आणखी वाढतं. म्हणूनच खाली बसलं, भिंतीला टेकलं की बरं वाटतं. हे थोडंफार सगळ्यांनाच होतं. माझ्यासारख्यांच्या बाबतीत त्यावर भीती चढते, एवढाच फरक. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ तशीच बसून होते. लहानपणापासून "भित्री" हा शब्द ऐकला होता. माझं शरीर मला काहीतरी खरं सांगत होतं, हे तोवर कुणी म्हणालं नव्हतं.

आता राईड. तिथे मी बसलेली असते. पाठ टेकलेली, डोकं टेकलेलं. तोल सांभाळायचं काम माझ्याकडून काढून घेतलेलं असतं. पडू की काय याची काळजी करायला मी मोकळीच नसते, कारण पडायला जागाच ठेवलेली नसते.

आकाशपाळण्यात मात्र मी आजही बसत नाही. ऐकणाऱ्यांना हे उलटंच वाटतं. पाळणा तर सगळ्यात सौम्य, लहान पोरंसुद्धा बसतात. पण मी नऊ वर्षांची असताना गावाकडच्या एका यात्रेत पाळण्याचं इंजिन बंद पडलं, आणि आमची पेटी नेमकी सगळ्यात वर होती. मी आणि माझा चुलतभाऊ. समोर अडकवलेली एक साखळी, तिला एक आकडा, बस्स. आकडा कडीत सैल होता, पेटी हलली की किणकिण वाजायचा. भावाला गंमत वाटत होती, तो मुद्दाम झोके देत होता. खाली पेट्रोमॅक्सचे दिवे, भेंडबत्ताशांची दुकानं, आणि वर बघत उभे असलेले अण्णा, मुठीएवढे. अण्णा ओरडून काहीतरी सांगत होते, मला ऐकू येत नव्हतं. पंधरा मिनिटांत इंजिन सुरू झालं. मी खाली उतरले तेव्हा माझ्या तळहातावर साखळीच्या कड्यांचे वळ होते. भीती तिथेच सुरू झाली असं मी म्हणणार नाही, ती आधीपासूनच असावी. पण भीतीला चेहरा मिळाला तो त्या दिवशी. उंचावर, थांबलेलं, हलतं, आणि कुणी धरलेलं नाही.

नायट्रोत उंची सोडली तर यातलं एकही नाही.

खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका पार्क २०१३ साली सुरू झालं. पहिल्यांदा गेले ती फक्त भाच्याच्या पिशव्या सांभाळायला. नायट्रो सुमारे ४० मीटर उंच आहे, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जातो. हे कुठल्याही जाहिरातीत वाचायला मिळेल. माझं मत बदललं ते मात्र फलाटाशी उभं राहून बघताना. राईडवर काम करणारा मुलगा प्रत्येक सीटशी थांबत होता. खांद्यावरून आलेला हार्नेस आधी खाली दाबायचा, मग वर खेचून बघायचा, मग बकल ओढून बघायचं, मग पुढची सीट. एकही सीट त्याने नुसत्या नजरेवर सोडली नाही. ओळखीची माणसं असतील, हसत असतील, तरी हात तसाच फिरत होता. मला त्या हाताचा भरवसा वाटला. पुढच्या फेरीला मी पिशव्या भावाकडे दिल्या.

सगळे बसले की पायाखालची जमीन काढून घेतात. नायट्रोच्या गाडीला तळ नाहीच, पाय अधांतरी लोंबकळतात. इथे माझं धाबं दणाणायला हवं होतं. पण पायांवर भारच नव्हता, त्यामुळे ती तळपायांतली वळवळ आलीच नाही. मग गाडी साखळीवर चढायला लागते आणि खालून ठक, ठक, ठक असा आवाज येतो. बरेच जण म्हणतात, त्या आवाजानेच जीव जातो. मला तो फार आवडतो. चढावर रुळांच्या मध्ये दातेरी पट्टी असते आणि गाडीखालचा खटका एकेका दात्यावर पडत जातो. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये म्हणून. प्रत्येक ठक म्हणजे "एवढं चढलो, आता इथून खाली नाही." यात्रेतल्या त्या आकड्याच्या किणकिणीच्या नेमका उलटा आवाज.

गाडीला चाकंही तीन बाजूंनी असतात: रुळाच्या वर, बाजूला आणि रुळाच्या खाली. खालच्या चाकांमुळे गाडी रुळावरून उचललीच जाऊ शकत नाही. जॉन मिलर या अमेरिकन माणसाने १९१९ मध्ये या चाकांचं पेटंट घेतलं आणि त्यानंतरच इतके तीव्र उतार बांधणं शक्य झालं. रूळसुद्धा रेल्वेसारखे टप्प्यांत वाटलेले असतात, एका टप्प्यात एकच गाडी. ही माहिती मी आधी गोळा करते, मग बसते. कुणाला देवाचं नाव घेऊन धीर येतो, मला खटका आणि चाकं ठाऊक असली की येतो.

आणि मग ती सुटते. पोटात खड्डा पडतो, तो का पडतो हेही ठाऊक आहे. वजन म्हणून आपल्याला जे जाणवतं तो सीटने खालून दिलेला रेटा असतो, आणि उतारावर तो क्षणभर जवळजवळ नाहीसा होतो. पण त्या क्षणी मी यातलं काही आठवत नाही. मी ओरडते. घशाच्या तळापासून, लाज न बाळगता. गॅलरीत भीती आली की मी गप्प होते, श्वास अडकतो, कुणाला कळू नये म्हणून धडपडते. इथे तीच भीती आवाज होऊन बाहेर पडते, आणि शेजारची अनोळखी बाईही माझ्याबरोबर ओरडत असते. उतरल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसतो. एवढी मोकळी मी क्वचितच असते.

यामुळे भीती गेली का, हेही विचारतात. नाही. भीती घालवायची वाट वेगळी असते. जर्मन कवी गटे १७७०-७१ मध्ये स्ट्रासबुर्गला शिकत होता, तेव्हा तो तिथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर पुन्हा पुन्हा चढायचा. अगदी वरच्या चिंचोळ्या चौथऱ्यावर उभं राहायचा आणि अशी त्याने उंचावर येणारी चक्कर घालवली. हळूहळू सामोरं जाण्याचे उपचार आज मानसोपचारातही असेच करतात आणि ते उपयोगी पडतात. ज्यांचं रोजचं जगणं या भीतीने अडलंय त्यांनी तज्ज्ञांकडे जरूर जावं. राईडवर बसवून कुणाची भीती जात नाही, तेव्हा कृपा करून कुणाला ओढून, चिडवून बसवू नका. पाठीचा, मानेचा, रक्तदाबाचा त्रास असेल किंवा दिवस गेले असतील तर हा विषयच नको. आणि जिथे हार्नेस ओढून बघणारा हात दिसत नाही, तिथे मीही बसत नाही, मग ती कितीही छोटी राईड असो.

तुम्ही डोळे मिटता का, असं एका मैत्रिणीने विचारलं होतं. नाही, मिटत नाही. मिटले तर ज्याच्यासाठी जाते तेच हुकेल. मागच्या सप्टेंबरात गेले होते, पावसाने उघडीप दिली होती. ठक ठक करत गाडी चढाच्या माथ्यावर पोचली आणि दोनेक सेकंद रेंगाळली. समोर सह्याद्रीची आख्खी रांग, हिरवीगार, काळ्या कड्यांवरून उतरणाऱ्या पांढऱ्या रेघा, त्यावर ढगांची सावली सरकत होती. विंचूकाट्यावरून भाच्याला दिसतं ते असंच काहीतरी असणार. मी मान वळवून उजवीकडेही बघून घेतलं. तेवढ्यात पुढची रांग खाली झुकली.