गच्चीवरची माती आधी भिजवून मोजा

हिरव्या छतासाठी, म्हणजे गच्चीवर माती पसरून केलेल्या बागेसाठी, आधी झाडांची यादी निघते. खरा प्रश्न असतो झाडांखाली काय घालायचं हा, आणि तो भिजल्यावरच्या वजनावर सोडवायचा. इमारतींवरच्या भाराचं भारतीय मानक आयएस 875, त्यानुसार वावर असलेल्या सपाट गच्चीवर चौरस मीटरला 1.5 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 150 किलो चलभार (माणसं, सामान यांचं वजन) धरतात. गच्ची बागेसाठी बांधलेली नसेल तर मातीलाही त्यातूनच जागा काढावी लागते, आणि माणसांसाठी काही राखावं लागतं. गळती थांबवायला जुन्या कोब्यावर (गच्चीवरचा विटांचे तुकडे घातलेला जलरोधक थर) दुसरा कोबा चढवला असेल, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊच नका.

दहा लिटरच्या बादलीला तळाशी भोकं पाडा. वापरायची माती किंवा मिश्रण हलकं दाबून काठोकाठ भरा, रात्रभर पाण्यात बुडवा, तासभर निथळू द्या आणि वजन करा. बादलीचं वजन वजा जाता जितके किलो उरतील, तितके किलो दर चौरस मीटरवर प्रत्येक सेंटिमीटर जाडीमागे पडणार. शेतातली माती 18 किलोच्या आसपास भरते. ती दहा सेंटिमीटर पसरली की 180 किलो झाले.

माझी पसंती पाडकामातल्या विटांच्या चुऱ्याला. तो सच्छिद्र असतो, पाणी धरतो, कुजत नाही. 2 ते 10 मिलिमीटरचा चाळून घ्या. बारीक भुकटी राहिली तर निचरा तुंबतो. सिमेंटचा गिलावा चिकटलेले तुकडे बाजूला काढा, त्याने सामू (पीएच) वाढतो. कच्ची वीट तर घ्यायचीच नाही, तिचा चिखल होतो. प्रमाण घमेल्याने मोजा: चुरा सहा, कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) तीन, गांडूळखत एक. हे मिश्रण बादलीत भिजून 12-13 किलो भरतं, म्हणजे सहा सेंटिमीटरला 80 किलोच्या आत. पोर्तुलाका, पानफुटी यांना एवढी जाडी चालते.

नुसतं कोकोपीट हलकं म्हणून भरू नका. ते कुजून खाली बसतं. वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांतून धुवा, त्यात क्षार असतात.

ताग पर्यावरणपूरक खरा, पण मातीखाली गाळणी म्हणून घातला तर एक-दोन वर्षांत कुजतो आणि माती निचऱ्याच्या थरात उतरते. तिथे पॉलिप्रॉपिलीनचं न विणलेलं जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापडच हवं. ताग किंवा काथ्याची जाळी वर पसरा. झाडं पसरेपर्यंत पावसाच्या माऱ्यात माती धुपत नाही.

गळती रोखायला गच्चीवर लावलेल्या साध्या डांबरी पत्रीत (मेम्ब्रेन) मुळं घुसतात, म्हणून तिच्यावर एचडीपीईचा (टणक प्लास्टिकचा) मूळरोधक थर हवा, सांधे वितळवून जोडलेला. काहीही पसरण्याआधी गच्चीत 48 तास पाणी कोंडून खालचं छत तपासा. पाणी जायच्या तोंडाभोवती 30 सेंटिमीटर नुसती खडी ठेवा, म्हणजे पाला काढता येतो. पक्ष्यांनी टाकलेला पिंपळ दोन-चार पानांचा असतानाच मुळासकट उपटा; नंतर नुसता छाटला तर तो पुन्हा फुटतो.