आमची वाटचाल : शटरपासून भिंगांपर्यंत

सुरुवातीला आम्ही फक्त कॅमेरे दुरुस्त करायचो. अडकलेली शटरं, न सरकणारी फिल्म, उजेड मोजणारे बंद पडलेले मीटर. डिजिटल आलं आणि हे काम आटत गेलं. तारलं ते आत आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांनी. अ‍ॅडॅप्टर लावला की जुनी मॅन्युअल लेन्स त्यांच्यावर बसते, म्हणून वर्षानुवर्षं कपाटात पडलेल्या लेन्स बाहेर निघाल्या. बहुतेकींच्या आत बुरशी!

दमट हवेत, बंद पिशवीत ती फोफावते. तिचं जाळं पुसता येतं. पण तिच्या आम्लाने भिंगावरचं कोटिंग, पुढे काचही खाल्ली असेल, तर तो डाग कायमचा. म्हणून लेन्स आली की आधी टॉर्च. तिरका उजेड टाकला की बुरशीचे तंतू दिसतात, वंगणाची वाफ बसून आलेला धुरकटपणा कळतो, आणि चिकटवलेल्या भिंगांचा जोड सुटला असेल तर तोही. पहिली दोन कामं आम्ही घेतो, तिसरं नाही. जोडभिंग सोडवून पुन्हा नेमकं केंद्रावर चिकटवायला लागणारी साधनं आमच्याकडे नाहीत. आत नुसते धुळीचे चार कण असतील तर लेन्स न उघडताच परत देतो. त्यांनी फोटोत फरक पडत नाही. ‘आलेलं गिऱ्हाईक परत पाठवतोस?’ म्हणून भागीदार कुरकुरायचा. तीच माणसं पुढे ओळखीच्यांच्या लेन्स घेऊन आली, तेव्हा गप्प बसला.

पुसणं सोपं, खोलणं अवघड. पुढची नावाची रिंग रबराने दाबून फिरवायची, आतल्या रिंगा स्पॅनरने. तो निसटला तर काचेवर चरा ठरलेला. प्रत्येक भिंगाच्या कडेला पुढची बाजू दाखवणारा बाण काढतो, कारण काहींचे दोन्ही बाक नजरेला सारखेच वाटतात. हेलिकॉइड, म्हणजे फोकससाठी भिंगं पुढे-मागे सरकवणारा आट्यांचा भाग, जिथे सुटतो तिथेही खूण हवी. त्याचे आटे एकापेक्षा जास्त जागी धरतात आणि चुकीच्या जागी धरले तर इन्फिनिटीला, म्हणजे अगदी दूरच्या वस्तूवर, फोकस लागत नाही. मग ब्लोअर, आणि धूळ उडाल्यावरच आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेला टिश्यू, मधून कडेकडे गोल फिरवत. अ‍ॅसिटोन आम्ही टेबलावरही ठेवत नाही. कडेचा काळा रंग तो विरघळवतो आणि प्लास्टिकची वाट लावतो.

ऑटोफोकस झूमला मी कधी हात लावला नाही. फ्लेक्स केबल, म्हणजे पट्टीसारख्या नाजूक वायरी, शिवाय शिम, म्हणजे भिंगं जागेवर जुळवणाऱ्या कागदासारख्या पातळ चकत्या. त्यांची जागा बदलली की फोटोचा एखादा कोपरा धूसर. ती कामं आता मुलगी करते, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढत. झूम घेऊन कुणी आलं की तारीख मी तिला विचारूनच सांगतो.