लंडन झाल्यावर अजून एकच गाव बघायचं तर कुठलं?

"इंग्लंडला दोघंच चाललोय, लंडन झाल्यावर अजून एखादंच गाव बघायचंय, धावपळ नको, कुठलं सांगशील?" हे दर उन्हाळ्यात कोणीतरी विचारतंच, तर तुम्ही विचारलंत म्हणून एकदाचं लिहून टाकते. लिव्हरपूलजवळचं चेस्टर. हो, यॉर्क नाही. यॉर्क सुंदरच आहे, पण तिथली तटबंदी मधेच संपते आणि रस्त्यावर उतरावं लागतं. चेस्टरला भिंतीवर चढायचं आणि जेमतेम तीन किलोमीटर चालून, गावाला पूर्ण वेढा घालून पुन्हा त्याच जिन्यापाशी यायचं. तिकीट नाही.

माझा नवरा पक्का गडकोटवाला, त्याने चढल्या चढल्या जाहीर केलं की हा कसला तट, आपल्याकडे याला कुंपण म्हणतील. बरं बाबा. पण रोमन लोकांनी सुरुवात केलेली भिंत अजून गावाभोवती आहे याचं कारणच मला भारी वाटतं. अठराव्या शतकात लढायांचा धोका संपला आणि गावकरी तिच्यावर संध्याकाळचे फिरायला लागले. जुने दरवाजे गाड्यांना अरुंद पडायला लागले तेव्हा १७६८ ते १८१० या काळात चारही मुख्य दरवाजे पाडून तिथे कमानी बांधल्या, खालून गाड्या आणि वरून फिरणारे. १९६६ मध्ये रिंगरोडसाठी भिंत फोडावी लागली तिथेसुद्धा वरून पायवाट चालू ठेवली! ईस्टगेटच्या कमानीवर ते रंगीत घड्याळ आहे, व्हिक्टोरिया राणीच्या १८९७ च्या हीरक महोत्सवाचं, बसवलं मात्र १८९९ ला. सेल्फीवाल्यांची गर्दी तिथेच, तिथे फार रेंगाळू नका.

रेंगाळायचं ते वायव्य कोपऱ्यात. तिथे भिंतीपासून बाहेर काढलेला वॉटर टॉवर आहे, १३२२ च्या सुमाराला बंदराच्या राखणीसाठी चक्क डी नदीच्या पाण्यात बांधलेला, आणि आज त्याच्या पायाशी हिरवंगार गवत आणि बाकं. गाळ साचत गेला, नदी लांब सरकली आणि बंदर गेलं. आम्ही तिथे बराच वेळ पाणी कुठवर येत असेल यावर वाद घालत बसलो, गडकोटवाले साहेब एकदम खूश. तसंच पुढे चालत गेलं की भिंत जवळजवळ फुटपाथच होते, आणि कठड्यावरून वाकून बघितलं तर खाली रूडी, म्हणजे घोड्यांच्या शर्यतींचं मैदान, १५३९ पासूनचं. रोमन काळात तिथे जहाजं लागायची.

भिंतीवरच्याच किंग चार्ल्स टॉवरवर पाटी आहे की १६४५ मध्ये, इंग्लंडच्या यादवी युद्धात, पहिल्या चार्ल्स राजाने इथून आपल्या सैन्याचा पराभव पाहिला. आम्हाला कालवा आणि छपरं दिसली, असो. भिंतीवरच्या विशिंग स्टेप्स नावाच्या पायऱ्यांवर श्वास रोखून धावत वरखाली केलं की इच्छा पूर्ण होते म्हणतात, ते ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांनी करावं.

पाऊस आला तर (येतोच) खाली उतरून 'रोज' (Rows) नावाच्या जुन्या बाजारात शिरा, पहिल्या मजल्यावर छत असलेले सज्जे आणि त्यात सलग दुकानं, छत्री लागत नाही. लिव्हरपूलहून लोकल ट्रेनने पाऊण तासात पोचता येतं. फक्त मे महिन्यातल्या शर्यतींच्या तारखा आधी बघून घ्या, त्या दिवशी गावात तुफान गर्दी असते.