तुम्ही विचारलंत म्हणून : पोरीला ‘त्या’ गोळ्या कशासाठी?

परभणीतील माझ्या दवाखान्यात अनेक आया मुलीला बाहेर बसवून हळू आवाजात विचारतात, “मॅडम, पोरीचं लगीन व्हायचंय अजून, अन् पिंपलसाठी पाळणा लांबवायच्या गोळ्या कामून दिल्या?” मागच्या आठवड्यात एका आईने तर ती पट्टी रुमालात गाठ मारून आणली होती.

पाळीच्या आधी हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेने ज्या ठसठसणाऱ्या पुटकुळ्या येतात, त्यांच्यामागे पुष्कळदा अँड्रोजेन हे पुरुषी हार्मोन असते. ते स्त्रीच्या शरीरातही तयार होते आणि त्वचेतील तेलग्रंथींना चेतवते. इस्ट्रोजेन व प्रोजेस्टिन ही दोन हार्मोन एकत्र असलेली पाळणा लांबवायची गोळी अंडाशयातील अँड्रोजेन कमी करते, शिवाय रक्तात मोकळे फिरणारे अँड्रोजेन बांधून ठेवणारे प्रथिन यकृताकडून वाढवून घेते. चेहऱ्यावर फरक दिसायला साधारण ३ महिने लागतात. महिनाभरात गोळी सोडणाऱ्या मुलींबद्दल मला म्हणूनच हळहळ वाटते. आशाताई देतात ती आठवड्याची ‘छाया’ गोळी हार्मोनची नसल्याने पुटकुळ्यांवर उपयोगाची नाही, आणि केवळ प्रोजेस्टिन असलेल्या गोळीने पुटकुळ्या वाढूही शकतात.

गोळी बंद केल्यावर बीज तयार होणे बहुधा काही आठवड्यांत ते तीनेक महिन्यांत पूर्ववत सुरू होते. आयांना भीती वाटते तसे वंध्यत्व येत नाही. पीसीओडी (अंडाशयातील हार्मोनचा बिघाड) असलेल्या मुलीची पाळी मात्र आधीही अनियमित असते, गोळ्या चालू असताना ती महिन्याच्या महिन्याला येते, आणि त्या थांबल्यावर जुना त्रास पुन्हा दिसू लागला की दोष गोळीच्या माथी मारला जातो.

खरी काळजी वेगळी आहे. रक्ताची गुठळी, वाढलेला रक्तदाब, डोळ्यांपुढे चकाकत्या रेषा येऊन उठणारी अर्धशिशी, यांपैकी काही असेल तर ही गोळी देऊ नये. पस्तिशीनंतर धूम्रपान करणाऱ्या स्त्रीलाही ती नको. आणि मिसरी हीदेखील तंबाखूच आहे, म्हणून तीही सांगावी.

त्या आईला हे समजावताना मी घरातील आजारांची चौकशी केली, तेव्हा रुमालाची गाठ सोडता सोडता ती म्हणाली, “हिच्या बाळंतपणात माझ्या पायात रक्ताची गुठळी झाली होती, त्याचं काय?” मुलीला ते ठाऊक नव्हते आणि मी आईला आधी विचारले नव्हते. गुठळीची प्रवृत्ती आईकडून मुलीत येऊ शकते, म्हणून तिची ती पट्टी मी काढून घेतली आणि लावायचे औषध लिहून दिले.